चेंबर बघा, मॅडम

"मॅडम, अंगठा मागून काढा."

"काढलाय."

"काढलेला नाही. मला दिसतोय."

मी अंगठा होता तिथंच ठेवला आणि चाप ओढला. पिस्तूल हातात उडालं, वरची स्लाइड सपकन मागं आली आणि अंगठ्याच्या मुळाशी चामडीची एक चकती सोलून परत पुढं गेली. रक्त मनगटापर्यंत ओघळलं.

"चावलं?"

"चावलं."

"रिव्हॉल्व्हर चावत नाही. हे चावतं. पट्टी लावा आणि पुन्हा उभ्या राहा."

लाइनीत शेजारी उभे असलेले दोन शिपाई खाली बघून हसले. ते रक्ताला हसत नव्हते. मला मॅडम म्हणणारा तो हवालदार माझा नवरा होता, आणि हे सगळ्या हेडक्वार्टरला ठाऊक होतं.

आमच्याकडं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत. पण या गोष्टीत ते घेतलं नाही तर घोटाळा होईल, म्हणून सांगते. हिरामण बागूल. शस्त्र विभागाचे हवालदार आणि फायरिंगचे उस्ताद. मी कौसल्या बागूल. आम्ही दोघं एकाच भरतीत शिपाई झालो, एकाच मैदानावर धावलो, तिथंच जमलं आणि लग्न झालं. पुढं मी खात्याची परीक्षा दिली आणि चाळिशी उलटल्यावर फौजदार झाले. यांनी परीक्षा दिली नाही. त्यांचा जीव बंदुकांच्या तेलात. कोर्स करून आले आणि उस्ताद झाले. मैदानात उस्तादांचा शब्द शेवटचा, मग समोर कोणीही असो. निदान पाटीवर तसं लिहिलेलं होतं.

ही गोष्ट आमच्या खानदेशातल्या जिल्ह्याच्या ठिकाणची, बऱ्याच वर्षांपूर्वीची. गावाबाहेर खडीच्या खाणीमागं आमची रेंज होती. समोर मातीचा उंच बांध, त्याच्या पायथ्याशी निशाणाचे पुठ्ठे, आणि आम्ही उभे राहायचो तिथं पत्र्याचं छप्पर. एप्रिल होता. पत्र्याखाली पापड भाजून निघाले असते.

रिव्हॉल्व्हर माझ्या हातचं होतं. परिक्षेत्राच्या स्पर्धेत मी त्यात चांदीचं पदक मिळवलेलं. सहा गोळ्यांचं चक्र, जड चाप, दणकट दस्ता. चक्र उघडलं की किती भरल्यात आणि किती उडाल्यात ते डोळ्यांना दिसायचं. पण त्या वर्षी जिल्ह्यात एका मोठ्या खटल्याची सुनावणी लागली. न्यायाधीश बाई होत्या आणि त्यांना धमक्या यायला लागल्या होत्या. त्यांच्यासोबत साध्या वेशात राहील अशी एक महिला अधिकारी हवी होती. ती नेमणूक मला मिळाली. मिळाली म्हणजे एका अटीवर. साध्या वेशात कुर्त्याखाली रिव्हॉल्व्हरचा गोळा दिसतो, म्हणून नवीन आलेलं छोटं पिस्तूल शिकायचं आणि शनिवारी त्याची परीक्षा पास व्हायची.

छोटं म्हणजे इतकं छोटं की पहिल्यांदा हातात घेतल्यावर माझ्या करंगळीला जागाच उरली नाही. ती बिचारी हवेत लोंबकळत राहिली.

"करंगळीचं काय करू?" मी विचारलं.

"खाली दुमडा. तिला काम नाही."

"तिला सवय नाही बिनकामाची."

"मॅडम, मैदानात विनोद नको."

बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात दिवसाला शंभरदा म्हणाले, आणि दर वेळी ते 'तुम्ही' टाचणीसारखं टोचलं.

जे जे मला येत होतं ते ते चुकीचं निघालं. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला बोटात ताकद लागते. तीच ताकद मी इथं लावली की गोळी निशाणाच्या खाली डावीकडं जायची. रिव्हॉल्व्हर जरा सैल धरलं तरी चालतं. हे सैल धरलं की उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या तोंडात अडकून बसायची, आणि मी सवयीनं पुन्हा चाप ओढत राहायचे. काहीच व्हायचं नाही.

"ते अडकलंय. ओढून काय होणार?"

"रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची गोळी येते."

"हे रिव्हॉल्व्हर आहे का?"

"नाही."

"नाही काय?"

"नाही, उस्ताद."

बुधवारी एक गरम पुंगळी उडून थेट माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून आत गेली. मी नाचले असणार, कारण शिपायांनी तोंडं फिरवली. मात्र त्या नाचातही पिस्तुलाची नळी मी बांधाकडंच रोखून धरली होती. मला वाटलं, आता तरी एखादा बरा शब्द येईल.

"नळी बरोबर होती," हिरामण म्हणाले. "बोट आत होतं. चापावर. नाचताना बोट बाहेर पाहिजे."

बोट आणि चेंबर, या दोन गोष्टींवरून त्यांनी माझं डोकं उठवलं. मारायचं नसेल तेव्हा बोट चापाच्या बाहेर, सरळ. आणि पिस्तूल खाली ठेवताना, कोणाला देताना, कोणाकडून घेताना आधी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, डोळ्यांनी बघायचं. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत राहते. रिव्हॉल्व्हर पोट उघडून दाखवतं, हे पोटातलं लपवतं.

"चेंबर बघा, मॅडम."

"आत्ताच बघितलं की."

"ते मघाशी. आता परत बघा."

इतरांना ते एकदा सांगायचे. मला सात वेळा, तेही पार खाणीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. खाणीवरची माणसं काम थांबवून बघायची.

क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी सोनवणे वहिनी राहायच्या. त्यांचे यजमान हेडक्वार्टरलाच कारकून होते, त्यामुळं बातमी त्यांना आमच्याआधी कळायची. नळावर त्या मला म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. पुरुषाची जात. बायको साहेब झाली की राग कुठंतरी निघणारच."

मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य घागरीबरोबर घरात आलं.

घरी मात्र हा माणूस वेगळाच. संध्याकाळी आले की चहा स्वतः टाकायचे. त्या पहिल्या दिवशी तर माझा हात मांडीवर घेऊन पट्टी सोडली, हळद दाबली, फुंकर घातली.

"दुखतंय का?"

"सकाळी का नाही विचारलं?"

"सकाळी तू मॅडम होतीस."

"म्हणजे मॅडमला दुखत नाही?"

"दुखतं. पण उस्तादाला विचारता येत नाही," असं म्हणून त्यांनी नवी पट्टी बांधली आणि वांग्याची भाजी आहे का, ते बघायला स्वयंपाकघरात गेले.

शनिवारी परीक्षा होती. माझा नंबर शेवटचा. ऊन चढायच्या आत उरकायचं ठरलं होतं, पण नेमके त्याच सकाळी उपअधीक्षक सरदेशमुख रेंजवर आले. नवेच होते, तिशीच्या आतले, उंच, बोलायला गोड. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचे. त्यांच्याबरोबर खात्याचा फोटोग्राफर होता, कारण नवीन शस्त्रांची बातमी पेपरात द्यायची होती.

"बागूल, मीही जरा हात साफ करून घेतो," ते हिरामणना म्हणाले. मग माझ्याकडं वळून हसले. "बागूल मॅडम, तुमचा नंबर मध्येच घेतला, राग नाही ना?"

"नाही सर."

ते उभे राहिले. नेम चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. अकादमीत शिकून आलेले. तीन-चार गोळ्या निशाणाच्या पोटात गेल्या. हिरामण त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं उभे होते, आणि मी त्यांच्याही मागं, माझी वेळ यायची वाट बघत.

तेवढ्यात फोटोग्राफर मागून म्हणाला, "सर, एक इकडे बघून."

सरदेशमुखांनी गोळीबार थांबवला. मॅगझिन काढून खिशात टाकलं. हिरामण म्हणाले, "सर, चेंबर..." पण ते इतक्या हळू म्हणाले की मला ओठ हललेले दिसले म्हणून कळलं. साहेब हसत हसत डावीकडून मागं वळले. हातात पिस्तूल, आणि बोट चापावर.

ती नळी हिरामणच्या कमरेपासून पोटावर सरकत आली. मी ती सरकताना पाहिली.

मी विचार वगैरे काही केला नाही. दोन्ही हात साहेबांच्या कोपराखाली घातले आणि होती नव्हती ती ताकद लावून वर ढकलले. आवाज झाला. पत्र्यातून उन्हाची एक बारीक काडी खाली आली. साहेब तोल जाऊन वाळूच्या पोत्यांवर बसले आणि पिस्तूल मातीत पडलं. फोटोग्राफरनं कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मग हिरामण वाकले, पिस्तूल उचललं, स्लाइड मागं ओढली, चेंबरमध्ये पाहिलं, आणि ते टेबलावर ठेवलं. सगळं रोजच्या पद्धतीनं. फक्त त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"रिकामं होतं," सरदेशमुख म्हणाले. "मी मॅगझिन काढलं होतं."

"जी सर," हिरामण म्हणाले.

मी दोन्ही हात पाठीमागं धरले.

परीक्षा तिथंच थांबली. फोटोग्राफरला पाणी दिलं, शिपायांना पांगवलं. सरदेशमुख बराच वेळ गाडीजवळ उभे होते. मग परत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बागूल, पिस्तुलात काही दोष असू शकतो का? म्हणजे, नवीन माल आहे."

हिरामणनी छपराच्या भोकाकडं पाहिलं. "असू शकतो, सर."

"तसा रिपोर्ट करू मग. कोणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं. उद्या एसपी साहेबांनी बंगल्यावर बोलावलंय, आपल्या तिघांना."

घरी आल्यावर मी पिशवी फेकली आणि खुर्चीत बसले. हिरामण गॅससमोर उभं राहून चहाचं पातेलं शोधत होते. ते त्यांच्या समोरच होतं.

"दोष आहे का त्या पिस्तुलात?" मी विचारलं.

"नाही."

"मग 'असू शकतो' कशाला म्हणालात? दोष निघाला तर देखभाल कोणाकडं? तुमच्याकडं. उस्तादी जाईल. गेटवर उभे करतील."

"करू देत. गेटवर सावली आहे."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही." ते माझ्याकडं वळले. "तू फौजदारकीत अजून पक्की झालेली नाहीस. वरिष्ठाला ढकललंस तू, दहा माणसांसमोर. कोणी वाकड्यात शिरलं तर तेवढं पुरे. उद्या तू काही बोलायचं नाहीस. पिस्तुलात बिघाड होता, एवढंच."

"हा हुकूम हवालदाराचा की नवऱ्याचा?"

"दोघांचा."

"हवालदाराचा फौजदारावर चालत नाही."

"आणि नवऱ्याचा?"

"त्याचा विचार करते."

त्यांनी चहा गाळला. कप धुताना ते एवढंच म्हणाले, "तू नसतीस तर," आणि पुढं नळ सोडला.

रविवारी एसपी साहेबांच्या बंगल्यावर आम्ही तिघं व्हरांड्यात उभे होतो. साहेब बुटके, टकले, सुट्टीच्या दिवशी पायजम्यात. समोर ताकाचा पेला. सरदेशमुखांनी एका कागदावर मजकूर आणला होता. साहेबांनी तो वाचला, घडी केली आणि पेल्याखाली ठेवला.

"बिघाड," ते म्हणाले. "हं. बागूल, काय बिघाड?"

हिरामणनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले.

"सर, परवानगी असेल तर मी सांगते. मी सगळ्यांत जवळ होते."

हिरामणनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांच्या जबड्याची शीर उडताना मात्र मला दिसली.

"बोला."

"पिस्तूल चांगलं आहे, सर. मॅगझिन काढलं होतं, पण चेंबरमध्ये गोळी होती. ते न बघता सर मागं वळले. नळी हवालदार बागूलांच्या पोटावर आली, म्हणून मी सरांचा हात ढकलला. वरिष्ठांना हात लावला, हे मला मान्य आहे. परत तसं झालं तर परत ढकलेन."

व्हरांड्यात पंखा करकरत होता. एसपी साहेब सरदेशमुखांकडं बघत राहिले. त्या पोराच्या कपाळावर घाम फुटला होता. सहज म्हणता आलं असतं त्यांना की बाई आपल्या नवऱ्याला वाचवतेय. मी त्याचीच वाट बघत होते.

"चेंबर बघितलं होतं तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

सरदेशमुखांनी एकदा पेल्याखालच्या कागदाकडं पाहिलं. "नाही सर," ते म्हणाले. "मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं, असं धरून चाललो. मॅडम सांगतायत ते खरं आहे. काल तो आवाज झाल्यापासून मी नीट जेवलेलो नाही."

"मग हा कागद?"

"माझा, सर. बागूलांचा त्यात काही संबंध नाही."

साहेबांनी कागद काढला, चार तुकडे केले आणि हिरामणकडं वळले. "आणि तुम्ही काय करत होतात? उस्ताद ना तुम्ही?"

"मी सांगितलं होतं, सर. हळू सांगितलं."

"हळू म्हणजे?"

"मॅडमना आठवडाभर ओरडून सांगितलं, सर. शिपायांनाही ओरडून सांगतो. साहेबांना हळू सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही."

"का बरं हळू?"

हिरामण सावधान उभे होते. "हवालदार आहे, सर."

एसपी साहेबांनी ताक संपवलं. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या कोथिंबिरीकडं ते थोडा वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "बुधवारपासून नवी तुकडी आहे ना? सरदेशमुख त्यात उभे राहतील. पहिल्या धड्यापासून. बागूल, तुम्ही शिकवाल, आणि हळू बोललात असं माझ्या कानावर आलं तर मात्र खरंच गेटवर पाठवीन. मॅडम, तुमची परीक्षा राहिली आहे. उद्या देऊन टाका. आणि कोणीतरी ते छपराचं भोक बुजवा."

परतताना मोटरसायकलवर मी मागं बसले होते. पूल ओलांडल्यावर हिरामणनी गाडी जरा हळू केली.

"विचार करते म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"केला की."

"काय ठरलं?"

"नवऱ्याचाही चालत नाही, असं ठरलं."

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. बऱ्याच दिवसांनी हसत होते.

सोमवारी सकाळी रेंजवर आम्ही दोघंच, आणि लांब खाणीवर एक ट्रक. मी मनात म्हटलं, आज काही कमी पडायचं नाही. आणि पडलंही नाही. अंगठा जागेवर, करंगळी दुमडलेली, मनगट ताठ. पुंगळ्या टणटण उडत होत्या. एकदा पिस्तूल अडकलं, तर मी तळहातानं ठोकून, स्लाइड ओढून, दोन श्वासांत मोकळं केलं. शेवटच्या गोळ्या तर अशा गेल्या की मलाच माझं कौतुक वाटलं. मी मॅगझिन काढलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि पुठ्ठ्याकडं चालत निघाले.

हिरामण माझ्यामागून आले आणि निशाणाला बोट लावून भोकं बघायला लागले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं.

"गोळ्या भरपूर आहेत आत," ते म्हणाले. "नेम पास."

"मग?"

"नापास."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "कशात?"

"पिस्तूल ठेवताना चेंबर नाही बघितलंत, मॅडम."

मी मागं टेबलाकडं पाहिलं. छोटंसं काळं पिस्तूल तिथं उन्हात पडलं होतं.

"अहो, रिकामंच होतं ते."

वाक्य तोंडातून निघालं आणि मला ते सरदेशमुखांच्या शनिवारच्या आवाजात ऐकू आलं.

आम्ही टेबलापर्यंत चालत आलो. त्यांनी स्लाइड ओढली. चेंबर खरंच रिकामं होतं. त्यांनी मला ते दाखवलं आणि तरीही निकाल बदलला नाही.

"माझी नेमणूक जाईल," मी म्हणाले.

"जाईल."

"काल मी तुमच्यासाठी एसपी साहेबांसमोर उभी राहिले."

"माहीत आहे."

"आणि तरी?"

"तरी."

मी छपराखालच्या बाकावर बसले. रडले नाही, पण रडण्याच्या जवळपास होते. हिरामण माझ्याजवळ आले, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं, आणि शेजारी बसले. मैदानात ते माझ्या शेजारी पहिल्यांदाच बसले होते.

"एक विचारू?" मी म्हणाले. "खरं सांगा. मी फौजदार झाले, त्याचा तुम्हाला राग येतो?"

हा माणूस कधी घाईनं उत्तर देत नाही.

"येतो," ते म्हणाले. "कधीकधी. पगाराच्या दिवशी नाही येत."

मला हसू आवरेना. रडू आणि हसू एकदम आलं की नाकातून जो आवाज निघतो, तसा निघाला.

"मग आठवडाभर माझ्यावर ओरडलात, ते त्या रागानं?"

"नाही गं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्याकडं रिव्हॉल्व्हर होतं तेव्हा तू रात्रपाळीला गेलीस तरी मला झोप लागायची. त्याचा चाप जड, चुकून ओढला जात नाही. हे नवीन आलं, आणि तुझ्या नावावर चढलं, तेव्हापासून मी जागा आहे. जुना हात घाईत जुनंच करतो. तुला मी पाठवलं, आणि तिथं त्या बाईंच्या गाडीत बसताना, उतरताना, एकदा विसरलीस तर? कोणाला लागेल ते सांगता येत नाही. त्यांना, त्यांच्या पोरांना, तुला." ते थांबले. "ओरडायचा आवाज तेवढाच येतो मला. दुसरा नाही येत."

ट्रक खाणीतून निघून गेला. धूळ आमच्यापर्यंत आली.

"नापासच ठेवा," मी म्हणाले.

"ठेवलंय."

नेमणूक गेली. दुसऱ्या जिल्ह्यातून एक बाई आल्या आणि खटला संपेपर्यंत त्यांनी ते काम नीट केलं. सोनवणे वहिनींनी नळावर विचारलं, "नवऱ्यानंच नापास केलं म्हणे?" मी म्हटलं, "हो, बरोबर केलं." त्यांची घागर भरून वाहायला लागली, तरी त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

बुधवारी नवी तुकडी उभी राहिली. शिपाई, दोन फौजदार, आणि शेवटच्या टोकाला मी. मधोमध, सगळ्यांसारख्याच खाकी हाफ पँटमध्ये, उपअधीक्षक सरदेशमुख. शिपाई त्यांच्यापासून इतके दूर सरकून उभे होते की दोन्ही बाजूंना म्हैस बसली असती.

हिरामण लाइनीपुढून चालत गेले. एकेकाच्या हातातलं पिस्तूल बघत. सरदेशमुखांपाशी आले. साहेबांची नळी जराशी, अगदी जराशी शेजाऱ्याच्या पायाकडं झुकली होती.

आणि हिरामण ओरडले. मी बावीस वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या वाट्याला आलेलं ओरडणं त्यापुढं अंगाई होतं. नळी समोर, बोट बाहेर, हे मैदान आहे, तुमच्या बंगल्याची बाग नाही. खाणीवरचे लोक काम सोडून कडेला आले. शिपायांनी श्वास धरला.

सरदेशमुखांनी नळी बांधाकडं केली, बोट सरळ केलं आणि म्हणाले, "जी, उस्ताद."

तो दिवस तसाच चालला. मधल्या सुट्टीत हिरामण दिसेनात, म्हणून मी छपरामागं गेले. ते पाण्याच्या टाकीजवळ उभे होते आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी ओतून घेत होते. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडत होतं.

"साहेबांवर ओरडलो मी," ते म्हणाले.

"ऐकलं. पलीकडच्या गावानंही ऐकलं असेल."

"बागेचं बोलायला नको होतं."

"ते जरा जास्त झालं."

"नोकरी राहील ना गं?"

"राहील. नाही राहिली तर माझी आहे."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, टोपी घातली, शिट्टी गळ्यात अडकवली. छपरापलीकडं तुकडी पुन्हा उभी राहत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांची मान ताठ झाली.

"मॅडम, सुट्टी संपली. तुम्ही लाइनीत नाही. मैदानाला एक चक्कर मारून या."

"अहो, पण मी तुम्हालाच..."

"दोन चकरा."

मी पळत सुटले.